लग्न कुणाकडचं?

सांगलीच्या एसटी स्टँडसमोर, रसवंती आणि चपलांचं दुकान यांच्या मधल्या फटीत एक टेबल, एक फोन आणि एक भूपाल मावायचा. वर पाटी होती : पद्मावती ट्रॅव्हल्स. पाटी फटीपेक्षा लांब, त्यामुळं 'पद्मावती' रसवाल्याच्या डोक्यावर यायचं आणि 'ट्रॅव्हल्स' चपलांवर. भूपालच्या डोक्यावर नेमकी दोन शब्दांमधली मोकळी जागा.

भूपाल मगदूम. वय चौतीस. अंगानं बारीक, भांग सरळ, खिशाला पेन. शनिवारी सकाळी मुंबईची गाडी सुटायची, तिची तिकिटं तो द्यायचा. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याच्या तोंडून ठरलेलं निघायचं, "बोला पावनं. कुठं?"

"मुंबई."

"काय काम काढलं?"

"लगीन हाय."

"कुणाकडचं?"

इथं खरी गंमत होती. कुणी म्हणायचं मावसबहिणीचं, कुणी म्हणायचं मालकाच्या पोराचं, कुणी म्हणायचं, "तुला काय करायचंय गा, तिकीट दे." ह्या सगळ्यांना भूपाल मागच्या सीटा द्यायचा, जिथं गाडी कराडपर्यंत तोंडातला दात हलवते. पण शनिवार-शनिवारी एखादा असा यायचा, की शर्टाला कडक इस्त्री, मानेला अत्तर, आणि नजर टेबलाच्या पायाशी. तो खाली बघत म्हणायचा, "आपल्याच घरचं."

मग भूपाल पेन खाली ठेवायचा. एकदा नीट बघून घ्यायचा. पुढची, खिडकीची सीट द्यायचा आणि रसवंतीच्या घुंगरांचा आवाज चालू असताना हळू आवाजात सांगत सुटायचा :

"दादरला उतरा. टॅक्सीवाल्याला हाटेलाचं नाव सांगू नका, म्होरल्या चर्चचं सांगा. तितनं चालत. जिना मागल्या अंगाला हाय. दाराशी एक जाडा मामा बसतो, त्येला इचारा, 'आज शनवार हाय का?' तो हसला तर वर जावा. न्हाई हसला तर पोलीस येऊन गेलेत, मग समिंदर बघा आन् माघारी या. नाव खरं सांगू नका. गाव मातर खरं सांगा. गावावरनं वळख निघती, बरं वाटतं."

लग्न म्हणजे ते. शनिवारी संध्याकाळी त्या हॉटेलच्या गच्चीवर पुरुषांवर जीव जडलेले पुरुष जमायचे. पलूसचे, तासगावचे, नाशिकचे, इंदूरचे, कुठकुठले, आणि विमानातनं उतरलेले गोरेसुद्धा. गाणी लावायचे, नाचायचे, एकमेकांचा हात उघड धरायचे, आणि सोमवारी आपापल्या दुकानात, शाळेत, द्राक्षांच्या बागेत हजर. हा 'लग्न' शब्द पाडला तासगावच्या भरतेशनं. भरतेश बेदाण्याचा व्यापारी, हसरा, पोट सुटलेला, आवाज पार स्टँडच्या पलीकडं जाणारा. पहिल्यांदा तो नटूनथटून तिकिटाला आला तेव्हा ट्रॅव्हल्सचे मालक शेजारच्या रसवंतीत बसलेले. मालकांनी विचारलं, "काय भरतेशशेठ, आज नवरदेव का काय?" भरतेश घाबरला आणि बोलून गेला, "लग्नाला निघालोय." कुणाकडचं म्हणल्यावर आणखी घाबरला, म्हणाला, "आपल्याच घरचं." पुढं तेच रूढ झालं.

परत आला की भरतेश रसाचा ग्लास घेऊन फटीत घुसायचा आणि सगळं करून दाखवायचा. "तो गोरा मला म्हंतोय, 'व्हेअर इज सांग्ली?' म्या म्हनलं, 'मिरज नोज? नेक्स्ट टू मिरज.' त्यो म्हंतोय, 'व्हेअर इज मिरज?' म्या म्हनलं, 'नेक्स्ट टू सांगली!' आन् गड्या, तिकडं आपल्याला म्हनायला शब्द हाय. गे."

"गे?" भूपाल म्हणाला. "म्हंजी सासू सुनंला म्हनती तसं? 'काय गे, पानी भरलंस का?'"

"त्येच की! कायतरी कामालाच लावायचं बघ आपल्याला!"

दोघं इतके हसले की चपलांचा दुकानदार उठून बघायला आला.

भूपाल सगळ्यांना वाट सांगायचा. जिन्याच्या कितव्या पायरीला अंधारात ठेच लागते तेही त्याला ठाऊक. कोणता गायक लावला की गच्ची ओरडते, मामाची तब्येत कशी आहे, पाववाला किती वाजता येतो. सांगताना ऐकणाऱ्याला वाटायचं, हा दर शनिवारी तिथंच असतो.

भूपाल एकदाही गेला नव्हता.

शनिवारी टेबल सोडता येत नाही, असं तो म्हणायचा. घरी आई एकटी असते, असं म्हणायचा. आईचं नाव आक्काताई. गल्लीतल्या सगळ्यांसारखा तोही तिला आक्काच म्हणायचा. ती जैनांच्या नेमानं दिवस बुडायच्या आत जेवणारी, आणि भूपाल आल्याशिवाय ताटाला हात न लावणारी. त्यामुळं सूर्य कलला की हा सायकल काढायचा. आक्काताई भाकरी वाढताना दर शनिवारी म्हणायची, "आज कितीजनांस्नी लग्नाला धाडलंस?"

"चारपाच गेले."

"लोकांचीच लगनं बघ. तुजं कवा?"

भूपाल आमटी ओरपायचा. खरं कारण टेबलही नव्हतं आणि आक्काही नव्हती. त्याला जायचं होतं ते एकाच माणसाबरोबर, शेजारच्या सीटवर बसून. तो माणूस म्हणायचा, "जाऊ रे. पुढच्या शनिवारी."

त्याचं नाव सुमंत. सांगलीच्याच गावभागातला, पुजारी-मास्तरांच्या घरातला. कराडला कॉलेजात शिकवायचा, शुक्रवारी घरी यायचा. सहा वर्षांपूर्वी भर लग्नसराईत तो टेबलाशी आला, इस्त्रीचा शर्ट, मानेला अत्तर, हातात आहेराची पिशवी.

"मुंबई. एक."

"काय काम काढलं?"

"लग्न आहे."

"कुणाकडचं?"

"आपल्याच घरचं."

भूपालनं पेन खाली ठेवलं आणि सुरू केलं. दादर, चर्च, जिना, जाडा मामा, शनवार हाय का. सुमंत ऐकत राहिला. त्याचे कान लाल झाले, मग गाल, मग मान. सगळं संपल्यावर घसा खाकरून म्हणाला, "मी चुलतबहिणीच्या लग्नाला चाललोय. गिरगावात."

भूपालनं पेन परत उचललं. आता हा ओरडणार, मालक येणार, पेपरात छापून येणार. तो कसाबसा म्हणाला, "चुकलं साहेब. मानसं बदलली."

सुमंत जायला वळला, दोन पावलं गेला, आणि परत आला. आहेराची पिशवी या हातातनं त्या हातात घेतली.

"ते चर्च कुठलं म्हणालात?"

अशी सुरुवात झाली. सुमंत त्या खेपेला चुलतबहिणीच्या लग्नात जेवला आणि त्या चर्चपर्यंत जाऊन, जिना न चढता, परत आला. मामा हसत होता, तरी चढला नाही. हे त्यानं सांगितलं ते आयर्विन पुलावर. मग दर शुक्रवारी संध्याकाळच्या आधी दोघं पुलावर. भडंगाचा एक पुडा. भूपाल जैन, कांदा-लसूण खायचा नाही, म्हणून तळलेल्या लसणाच्या पाकळ्या वेचून सुमंतच्या तळहातावर ठेवायचा. सुमंत म्हणायचा, "तुझ्या धर्मामुळे माझं तोंड वास मारतं." भूपाल म्हणायचा, "मला कुटं तक्रार हाय?" खाली कृष्णा असायची, म्हशी पाण्यात बसलेल्या असायच्या, आणि सूर्य बुडायला आला की हा सायकलवर. सहा वर्षांत सुमंतनं त्याला स्वतःच्या घराचा उंबरा दाखवला नव्हता. भूपालनंही विचारलं नव्हतं. मिळतंय ते कशाला सांडायचं, असं त्याचं चालायचं.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात भरतेश मुंबईहून आला तो टेबलावर थाप मारतच. "कळलं का? वरात निघाली!"

"कुणाची?"

"आपली! कलकत्त्यात. रस्त्यानं, लोकांच्या म्होरं. पंधरा-सोळा मानसंच हुती म्हनं, पर चालली. गच्चीवरची समदी म्हनत्यात, मुंबईतबी कवातरी निघंल. आन् वरीस सरताना गच्चीवर लय मोठं लगीन हाय. देशोदेशीचं पावनं येनार. तुज्या त्या मास्तराला घिऊन येच आता."

शुक्रवारी पुलावर भूपालनं वरात सांगितली. सुमंत पाण्याकडं वळला. मग म्हणाला, "आपली निघाली तर?"

"तर काय! तू घोड्यावर. मी म्होरं नाचतो."

"तुला नाचता येत नाही."

"तुला तरी घोड्यावर कुटं बसता येतंय?"

सुमंत हसला. भूपालनं पाकळी त्याच्या हातावर ठेवली. सुमंतनं ती मूठ मिटली आणि भूपालचं बोट आतच राहिलं. समोरून एक ट्रॅक्टर आला, तरी मूठ उघडली नाही. ट्रॅक्टर निघून गेल्यावर सुमंत म्हणाला, "डिसेंबरात जाऊ. नक्की. दोन सीट धर."

भूपालनं ड्रायव्हरच्या मागच्या दोन सीटा तेव्हापासूनच कुणाला देणं बंद केलं. शिंप्याकडनं शर्ट शिवून घेतला, पिकल्या काळ्या द्राक्षाच्या रंगाचा. आक्काताईनं तो उन्हाला धरून बघितला. "ह्यो कुणाच्या लग्नाचा?" म्हणाली. भूपाल म्हणाला, "हाय एक." तर ती दिवसभर गुणगुणत होती.

नोव्हेंबर सरता सरता एका दुपारी टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. स्वच्छ पांढरा शर्ट, चष्म्याला दोरी, अंगाला मंद अत्तर. रिटायर हेडमास्तर असावेत असा आवाज, प्रत्येक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखा.

"असं बघा, शनिवारी गाडी मिळेल काय?"

"कुठं निघालाय, काका?"

"लग्नाला!"

भूपालच्या तोंडातनं सवयीनं गेलं, "कुणाकडचं?"

काकांनी छाती पुढं काढली. "आपल्याच घरचं!"

भूपालनं पेन खाली ठेवलं. त्यानं इतक्या वयाचा कुणी पाहिला नव्हता. त्याला एकदम भरून आलं. जन्मभर बिचाऱ्यानं कुठं कुठं दाबून ठेवलं असेल. तो खुर्ची सरकवत म्हणाला, "बसा काका. पयल्यांदाच व्हय?"

"पहिलं आणि शेवटचं."

"असं म्हनू नका. एकदा गेलं की फिरून जावंसं वाटतं म्हनत्यात."

काकांनी चष्म्यावरून बघितलं.

"घरात ठाऊक हाय?" भूपालनं आवाज उतरवला.

"घरात? अहो, हिनंच तर जुळवलं सगळं!"

"काकूंनी?" भूपालला पेन कुठं ठेवलंय तेच आठवेना. "लय मोठ्या मनाच्या हायत काकू."

"आहेच मुळी ती. चारुशीला नाव. तिनं हट्ट धरला नसता तर अजून दहा वर्षं काही हललं नसतं."

"मग त्याबी येनार? दोन सीटा देऊ?"

"दोन? अहो, अख्खी गाडी पाहिजे. वऱ्हाड आहे. साताऱ्याला न्यायचंय."

"साताऱ्याला?" भूपाल चकितच झाला. "सातारला कवा सुरू झालं?"

"काय सुरू झालं?"

रसवंतीचे घुंगरू वाजले. आतला पोरगा ऊस घालत होता, चरक कुरकुरत होता. भूपालच्या लक्षात आलं, सहा वर्षांपूर्वीसारखीच माणसं बदलली. तो ओशाळून हसला. पेन उचललं.

"न्हाई, काई न्हाई. अख्खी गाडी. नवरदेवाचं नाव?"

"सुमंत. माझा एकुलता एक. कराडला कॉलेजात शिकवतो. मुलगी साताऱ्याची, वल्लरी. फार गोड गळा. मुहूर्त पुढच्या महिन्यात तेवढाच धड मिळाला हो, शनिवार, वर्ष संपायच्या आत." काका बोलत राहिले. आमच्यात घोडा-बँड अशी पद्धत नाही, पण पुतणे ऐकत नाहीत, साताऱ्याला मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत वाजत-गाजत न्यायचं म्हणतात. गाडी वेळेवर हवी. ड्रायव्हर निर्व्यसनी हवा. "आणि तुम्ही जातीनं या बरं का. तुमच्यासारखा आस्थेनं विचारपूस करणारा माणूस मी पाहिला नाही. घरात ठाऊक आहे का म्हणे!" काका खुदकन हसले आणि त्याच्या खांद्यावर थोपटून गेले.

भूपालनं फोन उचलला. कुणाला लावायचा ते ठरलेलं नव्हतं. तसाच कानाला धरून बसला, म्हणजे कुणी बोलायला येणार नाही.

शुक्रवारी सुमंत पुलावर उशिरा आला. भूपालनं भडंगाचा पुडा घेऊन ठेवला होता, पण उघडला नव्हता.

"मला सांगायचं होतं," सुमंत म्हणाला.

"वडील आलते. मधुअण्णा. गाडी ठरवून गेले." भूपाल कठड्याला टेकून उभा होता. "गोड मानूस हाय. तू त्यांच्यावर गेलायस. बोलताना बोट हलवतोस तसं त्येबी हलवत्यात."

"आई जेवायची बंद झाली रे. मी नाही म्हटलं तर दोन दिवस पाण्यावर."

"माजी आक्काबी जेवत न्हाई. मी घरी जाईस्तोवर."

"तसं नव्हे."

"व्हय. तसं नव्हं."

खालनं म्हशी निघाल्या, एकामागं एक, पाणी निथळत. सुमंतनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तूही करून टाक," तो म्हणाला. "मग सगळं सोपं होईल. भेटत राहू. लग्न झालेल्या माणसाकडं कुणी बघत नाही."

"काय करून टाकू?"

"लग्न."

"कंचं?"

सुमंतनं परत चष्मा काढला. भूपाल पुढं म्हणाला, "आन् त्या पोरीला काय सांगायचं? वल्लरीला? गोड गळा हाय म्हनं तिचा. ती गानार, तू ऐकनार, आन् शुक्रवारी हितं येनार व्हय?"

"तू चिडलायस."

"न्हाई रं." आणि तो खरंच चिडलेला नव्हता. चिडायला पायाखाली काहीतरी घट्ट लागतं. "दोन सीटा धरून ठिवल्यात. ड्रायव्हरच्या मागल्या. तेवढ्या आता कुणालातरी दिऊन टाकतो."

सुमंतनं त्याच्या बाहीला हात लावला. "तू येशील ना? साताऱ्याला? तू असलास तर मला उभं राहता येईल."

यावर भूपालला रडू यायला हवं होतं, पण हसू आलं, आणि ते वाईट निघालं. त्यानं पुडा सुमंतच्या हातात दिला. "लसनासकट खा," म्हणाला, आणि सायकलवर बसला. सूर्य अजून बराच वर होता.

शनिवारी सकाळी स्टँडसमोर दोन गाड्या एकामागं एक उभ्या राहिल्या. पुढची मुंबईची. मागची साताऱ्याची, बोनेटला झेंडूच्या माळा. भूपालनं द्राक्षाच्या रंगाचा शर्ट घातला होता. दुसरा कुठला घालणार, आक्काताईनं तोच इस्त्री करून दारामागं टांगला होता.

आता दोन्ही गाड्यांचे लोक नटलेले, दोन्हीकडं अत्तर, आणि विचारलं तर दोन्हीकडं एकच उत्तर. घोटाळा व्हायचाच. सुमंतची एक आत्या, नाकात नथ, हातात लाडवांचा डबा, धापा टाकत मुंबईच्या गाडीत चढली. "हे लग्नाचंच ना?"

आतनं भरतेश ओरडला, "व्हय व्हय, या काकू! हितं बसा!"

"मुलाकडचे का तुम्ही?"

"आमी समदेच मुलाकडचे!"

गाडी खदखदून हसली. आत्याबाईंना वाटलं, वऱ्हाड मोठं हौशी आहे. भूपालनं वर चढून त्यांना हात देऊन खाली उतरवलं. "काकू, तुमची मागची. हे दुसरं लगीन."

"मग हे कुणाकडचं?" आत्याबाईंनी पायरीवर थांबून विचारलं.

भूपाल डबा सांभाळत म्हणाला, "लांबचं हाय, काकू. पाय जपून."

भरतेश दारात आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण दोन रिकाम्या सीटा आणि मागच्या गाडीच्या काचेवरचं नवरदेवाचं नाव त्यानं वाचलं होतं. त्याचा मोठा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "भूपाल, चल की रं. एकटा चल. शर्ट घातलायस न्हवं? मामाला म्या कितींदा सांगितलंय तुज्याबद्दल. त्यो म्हंतो, वाट सांगनारा मानूस बघायचा हाय मला."

भूपालनं मुंबईच्या गाडीकडं बघितलं. ड्रायव्हरच्या मागं दोन सीटा, खिडकीवर ऊन. मग मागच्या गाडीत खिडकीशी बसलेला, फेटा मांडीवर घेतलेला, सुमंत दिसला. तो इकडंच बघत होता. ज्या तोंडानं माणूस चर्चपर्यंत जाऊन जिना न चढता परत येतो, तेच तोंड.

"मामाला सांग, शनवार हाय," भूपाल म्हणाला. "फुडच्या बारीला."

मागच्या गाडीचा ड्रायव्हर हंबीरराव, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. एरवी मुंबईची गाडी तोच न्यायचा. भूपाल त्याच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर बसला. पेठ नाक्याला हंबीररावनं गाडी हायवेला घातली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "तुजं शनवारचं वऱ्हाड लय गुनाचं बघ. भांडन न्हाई, वकनं न्हाई. इतकी वर्सं नेतोय. मला इचारलं कुनी तर म्या सांगतो, लग्नाचीच मानसं हायत." थोड्या वेळानं गिअर टाकत म्हणाला, "हे आजचं आपल्याला जमंना गड्या. त्वांड बघ तुजं." आणि खिशातला स्वच्छ रुमाल त्याच्या मांडीवर टाकला.

साताऱ्याला मारुतीच्या देवळाशी घोडा तयार होता. बँडवाले लाल कोटात, पुतणे गॉगलात. मधुअण्णा घोड्याभोवती फिरत म्हणत होते, "असं बघा, शांत आहे ना? पाय वगैरे झाडत नाही ना?" घोडेवाला म्हणाला, "आवं, म्हाताऱ्या बाईपरीस गरीब हाय." सुमंतला तिघांनी धरून वर चढवलं. एकदा तो पलीकडच्या बाजूनं खालीच यायचा. बसता येत नव्हतंच त्याला. मुंडावळ्या डोळ्यांवर, फेटा कलता, दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरलेलं.

बँड सुरू झाला. पुतणे नाचायला लागले, मामेभाऊ नाचायला लागले, आत्याबाईसुद्धा हात वर करून दोन गिरक्या घेऊन आल्या. दुकानांच्या पायऱ्यांवर लोक उभे राहिले. पोरंटोरं धावली. सगळा रस्ता उन्हानं भरलेला. भूपाल कडेनं चालत होता. तेवढ्यात मधुअण्णांनीच त्याला ओढलं. "अहो मगदूम! कडेला काय? आपल्याच घरचं आहे ना?"

"मला नाचता येत न्हाई, अण्णा."

"आम्हाला तरी कुठं येतं!"

कुणीतरी त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळला, कुणीतरी पाठीत ढकललं, आणि भूपाल थेट घोड्याच्या समोर आला. सुमंतनं मुंडावळ्या बाजूला केल्या.

मग भूपाल नाचला. येत नव्हतं तसं नाचला. एक पाय इकडं, एक पाय तिकडं, कोपर वर, जसं लहान पोर पहिल्यांदा नाचतं. पुतण्यांनी गुलाल उधळला, शिट्ट्या मारल्या, "मगदूमशेठ, जोरात!" बँडवाल्याला चेव आला. भर रस्त्यात, भर उन्हात, सगळ्या साताऱ्यासमोर, तो घोड्यावरच्या नवरदेवाकडं बघत नाचत राहिला आणि एकाही माणसानं वाकडी नजर केली नाही. लोक टाळ्या वाजवत होते. एका म्हातारीनं बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. सुमंतच्या गालांवरनं पाणी वाहत होतं, आणि आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "बघा हो, किती हळवा मुलगा, स्वतःच्या लग्नात रडतोय." कार्यालयाचं दार आलं. वल्लरीची आई आरतीचं तबक घेऊन उभी होती. बँड थांबला, पण भूपालचे पाय आणखी दोन ठेके तसेच पडले, आवाजाशिवाय.

अक्षता त्यानं फेटा काढून, शेवटच्या रांगेतनं टाकल्या. जेवला नाही. पंगतीला बसवायला आले तेव्हा म्हणाला, "आमचं कांदा-लसनाचं अवघड असतं." सुमंत स्टेजवरनं खाली उतरून त्याच्याकडं यायला निघाला होता, पण फोटोवाल्यानं दोघांना, त्याला आणि वल्लरीला, हाताला धरून उभं केलं आणि हात वर केला, "हिकडं बघा. हसा." भूपालनं त्या मुलीकडं नीट बघितलं. घाबरलेली, मेंदीचा हात कुठं ठेवावा ते न कळलेली. त्याला तिचा राग येईना. उलट वाटलं, हिलाही वाट कुणीतरी सांगायला हवी होती.

परतीला हंबीररावनं गाडी जोरात हाणली. तरी कराड ओलांडेपर्यंत सूर्य पिवळा झाला, आणि उसाच्या फडांच्या पलीकडं बुडला तेव्हा सांगली अजून लांब होती.

आक्काताई उंबऱ्यात बसून होती. आत ताट झाकलेलं. तिची जेवायची वेळ टळली होती. आता उद्या सकाळीच.

"आक्का, तू जेवायचं हुतंस."

"एकटीला घास जातोय व्हय?" ती उजेडात त्याच्याकडं बघायला लागली. शर्टावर गुलाल, डोळे सुजलेले, केसांत अक्षतांचे दाणे. तिनं त्याला खाली बसवलं आणि एकेक दाणा वेचायला लागली, लहानपणी डोकं बघायची तशी.

"लगीन कुणाकडचं हुतं रं?"

भूपालनं शर्टावरचा गुलाल झटकला. तिची बोटं थांबली.

"आपल्याच घरचं, आक्का," तो म्हणाला.

वेचलेले दाणे आक्काताईनं पदराच्या टोकाला बांधले, गाठ मारली, आणि त्याचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.